न दिसणारा धूर

डिझेल इंजिनाचा धूर पाहून त्याचा आजार सांगणारे मेस्त्री कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव होते, अजूनही आहेत. धूर काळा असला तर डिझेल जास्त जातंय, नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय. निळा असला तर रिंगा गेल्या, ऑइल जळतंय. पांढरा असला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नोझल उतरवून बघा. इंजिन न खोलता केलेलं हे निदान बहुतेक वेळा खरं निघतं. या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तरीही या पुस्तकाची ओळख करून देताना तिच्या मर्यादेपासूनच सुरुवात करावी लागते. डिझेलच्या धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडला रंग नसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. फुप्फुसात सर्वांत खोल जाणारे काजळीचे कण इतके बारीक असतात की एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी काहीच दिसत नाही आणि मालक समाधानानं मान डोलावतो, नेमक्या तेव्हाच ते इंजिन नायट्रोजनची ऑक्साइडं भरभरून सोडत असू शकतं.

यामागचं कारण इंजिनाच्या पोटात आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेव्हा ज्योतीचं तापमान इतकं चढतं की हा आळशी नायट्रोजनही ऑक्सिजनशी जोडला जातो. इंधन जितकं नीट आणि जितक्या उष्णतेत जळेल तितकी काजळी कमी आणि ही ऑक्साइडं जास्त. ज्योत थंड ठेवावी म्हणून इंधन उशिरा फवारलं किंवा धुराचा काही भाग पुन्हा आत फिरवला, की ऑक्साइडं उतरतात आणि काजळी वाढते. इंजिन बनवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या कात्रीत अडकल्या. सिलिंडरच्या आत जे करण्यासारखं होतं ते बरंचसं करून झालं, तेव्हा उरलेलं काम सिलिंडरच्या बाहेर, सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या धातूंकडे आलं. प्लॅटिनम, पॅलेडियम, व्हॅनेडियम आणि तांबं हे ते धातू. हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे.

असं पुस्तक कागलच्या संदर्भात लिहिलं जावं, याला माझ्या मते सबळ कारण आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरच्या या तालुक्यात मोट जाऊन इंजिन आलं, तेव्हा शेतीचा सगळा ताल बदलला. नदीचं पाणी चढावरच्या रानात गेलं, ऊस वाढला, गुऱ्हाळं इंजिनावर फिरू लागली. कागलचेच आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ या १९७१च्या कादंबरीत मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरांचा गोतावळा विस्कटत जातो. यंत्रानं माणसाचं काय नेलं याची नोंद आपल्या साहित्यानं अशी वेळेवर घेतली. त्याच यंत्रानं हवेत काय सोडलं, याची नोंद मात्र मराठीत फारच तुटपुंजी आहे. इंजिनाशी आपलं नातं केवळ वापरणाऱ्याचंही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीची ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बनले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी देशभरच्या इंजिनांना ओतीव भाग पुरवले. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा एक मोठा कारखाना आज कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आहे. शेजारून पुणे-बंगळूर महामार्ग जातो आणि राज्याच्या सीमेवरची मालवाहतूक रात्रंदिवस कागलवरून जाते. जिथे इंजिन तयार होतं, तिथेच ते राबतं आणि तिथेच त्याचा धूर श्वासात जातो, अशी ठिकाणं देशात थोडी असतील.

जनरेटरच्या इंजिनांसाठी १ जुलै २०२३ ही तारीख मोठी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘सीपीसीबी चार प्लस’ नावानं ओळखली जाणारी मानकं त्या दिवशी लागू झाली. आधीची, म्हणजे २०१४ पासूनची मानकं ७५ किलोवॅटच्या वरच्या इंजिनाला दर किलोवॅट-तासाला ०.२ ग्रॅम कण सोडू देत होती. ५६ ते ५६० किलोवॅटच्या गटाला आता ०.०२ ग्रॅमचीच मुभा आहे. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि हायड्रोकार्बन मिळून पूर्वी ४ ग्रॅम चालत. आता ऑक्साइडांना ०.४० आणि हायड्रोकार्बनना ०.१९ एवढीच जागा उरली. एवढी मोठी उतरण पंप आणि नोझल सुधारून गाठता येत नाही. त्यामुळे ज्या इंजिनाला कालपर्यंत साधा सायलेन्सर पुरत होता, त्याच्या पाठीमागे आज उत्प्रेरकांचे डबे, युरियाची टाकी, संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. किंमत वाढली, ग्राहक कुरकुरले. ही कुरकुर मला समजते. पण २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून पहिल्या गटात टाकला, आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आणि सांगली दोन्ही आहेत. हे माहीत असताना वाढलेल्या किमतीचा हिशेब केवळ खरेदीच्या पावतीवर करता येणार नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः त्या क्रियेत खर्ची न पडणारा पदार्थ. हम्फ्री डेव्हीनं १८१७ साली प्लॅटिनमची ऊन तार कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली, तेव्हा ज्योत नसतानाही ती लालबुंद झाली. वायू तारेच्या पृष्ठभागावर जळत होता आणि तार होती तशीच राहिली. सगळं काम पृष्ठभागावर चालतं, आतल्या धातूचा काही उपयोग होत नाही. प्लॅटिनम तर सोन्याच्या पंगतीतला धातू, त्यामुळे तो आतल्या आत वाया घालवणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून त्याचे काही नॅनोमीटरचे कण करून ते ॲल्युमिनाच्या सच्छिद्र थरावर पसरतात. अशा एका ग्रॅम ॲल्युमिनाच्या आतबाहेरच्या सगळ्या भिंती उलगडून मांडल्या, तर जवळपास गुंठाभर जागा भरेल. हा थर कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकच्या ठोकळ्यात चढवतात. ठोकळ्याला आरपार बारीक चौकोनी नळ्या असतात, एका चौरस इंचात चारशेच्या आसपास. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत विकसित झालेली ही रचना आजही मोटारींपासून जनरेटरपर्यंत सगळीकडे वापरात आहे. एवढं करूनही एका डब्यातलं प्लॅटिनम ग्रॅमांतच मोजावं लागतं.

धुराच्या वाटेवर पहिला डबा असतो ऑक्सिडेशन उत्प्रेरकाचा. त्यात प्लॅटिनम आणि पॅलेडियम असतं. कार्बन मोनॉक्साइडचा तिथे कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं डिझेल जळून जातं. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन नेमके कसे बसतात आणि कसे एकत्र येतात, हे गेरहार्ड एर्टल यांनी बारकाईनं उलगडलं. पृष्ठभागांवरच्या रासायनिक क्रियांच्या त्यांच्या अभ्यासाला २००७चं नोबेल मिळालं. याच डब्यात आणखी एक काम होतं. नायट्रिक ऑक्साइडचा काही भाग नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलतो. वरवर पाहता हे उलटंच वाटेल, कारण डायऑक्साइड अधिक तिखट. पण पुढच्या दोन्ही डब्यांना, काजळीच्या फिल्टरला आणि अमोनियावर चालणाऱ्या उत्प्रेरकाला, तोच लागतो.

पेट्रोल गाडीतला उत्प्रेरक डिझेलला का चालत नाही, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि त्याच्या उत्तरातच या विषयाचं मर्म आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन काटेकोर प्रमाणात असतात, एका भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. जळून झाल्यावर ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. मग तिथल्या उत्प्रेरकातल्या ऱ्होडियम धातूच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन हवा असला, की तो नायट्रिक ऑक्साइडकडून काढून घ्यावा लागतो. एकाची गरज भागते आणि दुसऱ्याचा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. डिझेल इंजिन मात्र कायम जादा हवेत चालतं. धुरात ५ ते १५ टक्के ऑक्सिजन मोकळा असतो. एवढा फुकटचा ऑक्सिजन समोर असताना कार्बन मोनॉक्साइड नायट्रिक ऑक्साइडकडे वळतच नाही. डिझेल इंजिनाला इंधन कमी लागतं त्यामागे ही जादा हवाही एक कारण आहे, आणि तिच्यामुळेच त्याचा धूर साफ करणं अवघड होऊन बसतं.

यावर तोड निघाली ती अशी, की भरपूर ऑक्सिजन असतानाही नायट्रोजनच्या ऑक्साइडांनाच निवडून गाठेल असा पदार्थ धुरात सोडायचा. तो पदार्थ म्हणजे अमोनिया. वीजकेंद्रांच्या धुराड्यांसाठी जपाननं १९७०च्या दशकात ही पद्धत प्रत्यक्षात आणली. नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू आणि अमोनियाचा एक रेणू उत्प्रेरकावर भेटतात, दोन्हींतले नायट्रोजनचे अणू एकमेकांना जोडले जातात, आणि बाहेर पडतात नायट्रोजन व पाण्याची वाफ. नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड निम्मेनिम्मे असले तर हीच क्रिया कितीतरी वेगानं होते. पहिल्या डब्यातली ती तजवीज त्यासाठी असते. अमोनिया वायू गाडीत बाळगणं धोक्याचं, म्हणून ३२.५ टक्के युरियाचं पाणी टाकीत ठेवतात. गरम धुरात ते फवारलं की त्यातून अमोनिया सुटतो. ड्रायव्हर मंडळी या द्रावणाला सरळ ‘युरिया’ म्हणतात.

उत्प्रेरक म्हणून इथे आधी टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेलं व्हॅनेडियम वापरात आलं. ते स्वस्त आणि गंधकाला दाद न देणारं. पण उष्णता फार वाढली की ते टिकत नाही, म्हणून पुढे तांबं आलं, तेही चॅबझाइट जातीच्या झिओलाइटच्या पिंजऱ्यात बंद केलेलं. या प्रकरणावर मी मुद्दाम थांबतो, कारण चॅबझाइट आपल्या मातीला परकं नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात आणि त्यांत चॅबझाइटही असतं. इंजिनात वापरलं जातं ते कारखान्यात घडवलेलं, सिलिकाचं प्रमाण वाढवलेलं. पण सांगाडा तोच. त्याच्या खिडक्या ०.४ नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड त्यातून ये-जा करतात, डिझेलचे मोठे रेणू बाहेरच अडतात. आत तांब्याचा एकेक अणू विखुरलेला असतो, त्याच्या अंगाखांद्यावर ही भेट घडते. पोकळीच्या नेमक्या मापामुळे हे तांबं भट्टीसारख्या उष्णतेतही एकत्र गोळा होत नाही. धातूइतकंच श्रेय त्या घराला द्यावं लागतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक प्रत्येक गॅरेजमध्ये असावं असं मला वाटतं, ती गोष्ट. आपल्या भागात युरियाचं पोतं घरोघरी असतं. दुकानातलं द्रावण महाग वाटतं, मग पोत्यातला युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतायचा मोह होतो. २०१५ पासून देशात शेतीसाठी मिळणारा युरिया निंबोळी तेलाचं आवरण दिलेला असतो. पिकाला त्याचा फायदा आहे, पण उत्प्रेरकाच्या दृष्टीनं ते तेल हा मळ आहे. शेतीच्या युरियात बाययुरेट ही अशुद्धी दीड टक्क्यापर्यंत चालते, इंजिनाच्या द्रावणात तिची मर्यादा ०.३ टक्के. या द्रावणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांना दर किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त परवानगी नाही. विहिरीच्या जड पाण्यात नुसतं कॅल्शियमच त्याच्या कितीतरी पट असतं. फवाऱ्याचं तोंड खड्यांनी बुजतं, क्षार उत्प्रेरकाच्या भिंतींवर बसतात आणि अमोनियाची जागा अडवतात. द्रावणावर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट मग डब्यावर जातात. शिवाय अनुदानाचं खत असं वळवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. हे सगळं पुस्तकात सोप्या भाषेत, कारणांसह आलं आहे. नुसतं ‘करू नका’ म्हटल्यानं आपल्याकडे कुणी थांबत नाही, कारण पटलं की थांबतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरा धोका जनरेटरवाल्यांचा. उत्प्रेरकाला ऊब लागते. साधारण २०० अंश सेल्सियसच्या खाली तो जवळजवळ निजलेला असतो, आणि तेवढ्या थंड धुरात युरिया फवारला तर अमोनिया नीट सुटण्याऐवजी पाइपात पांढरे खडे धरतात. भारनियमनाच्या काळात घेतलेली सवय अशी की जनरेटर गरजेपेक्षा मोठा घ्यायचा आणि चार पंखे, दोन संगणक यांच्यासाठी तासन् तास चालवायचा. पूर्वी त्यातून सायलेन्सरला ओला चिकट काळा थर धरायचा, एवढंच. आता क्षमतेच्या जेमतेम दहा-वीस टक्के भारावर चालणारं इंजिन आपले महागडे डबे निकामी करून घेतं. जिथे काजळीचा फिल्टर आहे तिथे ही अडचण आणखी कडक होते. त्या फिल्टरच्या नळ्या आलटून पालटून एकेका टोकाला बंद असतात. धुराला भिंतीतून झिरपूनच पुढे जावं लागतं आणि काजळी अडकते. धूर २५० अंशांच्या वर राहिला तर नायट्रोजन डायऑक्साइड ती हळूहळू जाळत राहतो. जॉन्सन मॅथी कंपनीच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात ही युक्ती शोधली. धूर थंडच राहिला तर काजळी साचत जाते, आणि मग ५५० अंशांच्या पुढे तापवून ती जाळावी लागते. त्यामुळे जनरेटर केवढा घ्यावा, हा निर्णय आता उत्प्रेरकाचा विचार करूनच घ्यायला हवा.

गंधकाबद्दल थोडक्यात. प्लॅटिनम आणि तांबं दोन्हींना तो बाधतो. १९९०च्या दशकात आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत हजारो भाग गंधक असायचा, तेव्हा हे डबे बसवून उपयोगच नव्हता. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० भागांपर्यंतचं डिझेल मिळू लागलं आणि भारत स्टेज सहाच्या उत्सर्जन मानकांची वाहनं शक्य झाली. या एका बदलासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांनी केलेला खर्च आणि कष्ट यांची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही.

उत्प्रेरकांचं ज्ञान महाराष्ट्रात आजचं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात झिओलाइट उत्प्रेरक बनवले आणि ते कारखान्यांत चालवून दाखवले, पेट्रोरसायनांसाठी. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेत नितीन लाभसेटवार आदींनी प्लॅटिनमऐवजी पेरोव्हस्काइट जातीच्या, लँथेनमसारख्या मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांवर वाहनांच्या धुरासाठी काम केलं. जगातलं बहुतेक प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं, हे लक्षात घेतलं की या शोधाचं मोल कळतं. इंजिनं तपासणारी पुण्याची ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्था १९६६ सालची. हे सगळं कागलपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत आहे. अंतर आहे ते प्रयोगशाळा आणि गॅरेज यांच्यामध्ये, आणि ते मराठी पुस्तकांच्या अभावानं वाढवलं आहे.

पुस्तकाशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे आणि तो इथेच नोंदवतो. लेखकाचा भर डब्यांच्या निगेवर आहे. मोजमापाला त्यांनी एकच छोटं प्रकरण दिलं आहे. मला ते अपुरं वाटतं. पीयूसी केंद्रात डिझेल वाहनाची तपासणी म्हणजे धुरातून प्रकाश किती आरपार जातो एवढंच पाहणं. मेस्त्रीच्या डोळ्याचंच ते यंत्ररूप आहे. युरिया वाचवण्यासाठी संवेदकाला चकवणारं उपकरण बसवलेला ट्रक ही परीक्षा सहज पास होतो, कारण नायट्रिक ऑक्साइड प्रकाश अडवत नाही. २०१५ साली डिझेल मोटारींच्या धूर-चाचणीतला फोक्सवॅगन कंपनीचा गैरव्यवहार उघडकीला आला तोही कुणाला धूर दिसला म्हणून नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धावत्या गाडीला मोजमापाची यंत्रं जोडली म्हणून. नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात जमिनीलगत ओझोन तयार करतात आणि सोयाबीनसारखं पीक त्या ओझोननं करपतं. कागल तालुक्यातल्या सोयाबीन उत्पादकाला महामार्गावरच्या या न मोजल्या जाणाऱ्या वायूशी थेट देणंघेणं आहे. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मोजण्याची सोय सीमेवरच्या तपासणी नाक्यांपासून सुरू व्हावी, असं माझं आग्रहाचं मत आहे.

शेवटी ट्रॅक्टरबद्दल, कारण शेतकरी वाचक पुस्तक उघडून आधी तेच शोधतील. १ जानेवारी २०२३ पासून कडक झालेली मानकं ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागू आहेत. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे. गळीत हंगामात शाहू, बिदरी आणि हमीदवाड्याच्या कारखान्यांकडे उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे कितीतरी ट्रॅक्टर कोणत्याही उत्प्रेरकाविना चालतात, आणि गव्हाणीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहतात. त्यांच्या टाकीत पडणारं डिझेल मात्र २०२० पासून १० भाग गंधकाचंच आहे. म्हणजे साधा ऑक्सिडेशन उत्प्रेरक बसवण्यात इंधनाची आडकाठी आता उरलेली नाही. प्रश्न राहिला तो किमतीचा आणि बसवून देणाऱ्या हातांचा. जुन्या जनरेटरांवर बसवायच्या साधनांनी कणांचं प्रमाण किमान ७० टक्क्यांनी उतरवावं, अशी अट दिल्ली परिसराच्या अनुभवातून पुढे आलेली आहे. ट्रॅक्टरसाठी तसंच काही करायचं झालं तर ते कसं करावं, रांगेतल्या थंड धुराचं काय करावं, डबा कुठे बसवला तर चिखल-पाल्यापासून वाचेल, याची चर्चा शेवटच्या प्रकरणात आहे. उद्यमनगरातल्या कारागिरांनी ते प्रकरण आधी वाचावं. त्यातल्या आकृत्या त्यांच्याच लेथवर उतरवण्याजोग्या आहेत.